पावसाळ्यात पत्ते का वाकतात?

कळंबा तलावाच्या सांडव्यावरून पाणी वाहू लागले, की पावसाळ्याने खऱ्या अर्थाने मुक्काम ठोकल्याची खात्री कोल्हापूरकरांना पटते. तलावाकाठी गर्दी होते, भाजलेल्या कणसांचा धूर हवेत रेंगाळतो. घराघरांत मात्र याच दिवसांत पावसाच्या निराळ्या खुणा दिसू लागतात. दार चौकटीत अडकते, मिठाचा डबीत गोळा होतो, गुळाच्या ढेपेला पाझर फुटतो, काडेपेटीतील काडी काही केल्या पेटत नाही. आणि पाऊस लागून राहिला म्हणून कपाटातून काढलेला पत्त्यांचा कॅट पाहावा, तर प्रत्येक पान पन्हाळीसारखे वाकलेले!

मेंढीकोट किंवा बदाम सात खेळणाऱ्यांना त्याचे फारसे काही वाटत नाही. जुना कॅट टाकून नवा आणता येतो. परंतु अलीकडे अनेक घरांत टॅरोचे पत्ते दिसू लागले आहेत. ते महाग असतात, आकाराने मोठे असतात आणि बाळगणाऱ्याचा त्यांच्यावर जीव असतो. कळंब्याला तलावाच्या बाजूस राहणारी आमची एक शेजारीण हौसेने टॅरो शिकते. एका जुलै महिन्यात तिच्या भावाची शस्त्रक्रिया ठरली होती. त्या आठवड्यात तिने तीन वेळा पत्ते पिसले, कापले आणि तिन्ही वेळा एकच पान वर आले : मनोरा. वीज कोसळलेला मनोरा आणि त्यातून खाली पडणारी माणसे, असे ते चित्र. ती इतकी धास्तावली, की शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची भाषा घरात सुरू झाली. पत्ते टेबलावर एका रांगेत मांडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. सगळे पत्ते थोडेफार वाकले होते. मनोऱ्याचे पान मात्र सर्वांत अधिक आणि इतरांच्या उलट दिशेने वाकले होते. गठ्ठा एकत्र केला, की त्या पानापाशी बारीक फट राहत होती आणि कापताना बोटे आपोआप त्याच फटीत शिरत होती.

टॅरोने भविष्य कळते की नाही, हा वाद येथे बाजूला ठेवू. पत्त्यांचा कोणताही उपयोग करायचा, तर कोणते पान येणार हे कोणालाही ठाऊक नसले पाहिजे, ही त्याची पहिली अट आहे. पत्त्यांत लबाडी करणारे लोक हवे ते पान मुद्दाम किंचित वाकवून ठेवतात, ते याच कारणासाठी. पावसाळी हवा तीच लबाडी कोणाच्याही नकळत करते. म्हणून वाकलेला पत्ता का वाकतो आणि सरळ कसा करावा, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

पापड आणि पत्ता

उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेले पापड आठवावेत. थोड्याच वेळात त्यांच्या कडा वर उचलल्या जातात. याचे कारण असे, की ऊन लागणारी वरची बाजू आधी वाळून आकसते, तर खालची बाजू अजून ओली आणि पसरलेली असते. आकसणारी बाजू पापडाला आपल्याकडे ओढते. म्हणूनच घरातील जाणत्या बायका पापड वेळच्या वेळी उलटतात. दोन्ही बाजू सारख्या वाळल्या, की पापड सपाट राहतो.

पत्त्याचे नेमके असेच होते. कागद हा वनस्पतींच्या तंतूंचा बनलेला असतो आणि या तंतूंना पाण्याची विलक्षण ओढ असते. हवा दमट झाली, की कागद तिच्यातील बाष्प शोषून घेतो. कोरडी झाली, की ते सोडून देतो. पाणी शोषल्यावर तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत मात्र फुगतात. यंत्रावर कागद तयार होताना बहुतेक तंतू एकाच दिशेने लोळलेले असतात. त्यामुळे कागदाचा ताव एका दिशेने कमी आणि आडव्या दिशेने अधिक पसरतो. पत्ता वेडावाकडा न होता बहुधा पन्हाळीसारखा एकाच दिशेने वळतो, त्याचे रहस्य यात आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. केवळ ओलाव्यामुळे पत्ता वाकत नाही. दोन्ही बाजूंनी सारखेच पाणी शोषले, तर तो किंचित मोठा होईल, पण सपाट राहील. पत्ता वाकतो तो दोन बाजूंच्या ओलाव्यात तफावत पडल्यामुळे. जी बाजू अधिक फुगते ती बाहेरच्या अंगाला फुगीर होते आणि पत्ता कोरड्या बाजूकडे वळतो. याचा प्रयोग घरीही करता येतो. पातळ ट्रेसिंग कागदाचा तुकडा तळहातावर ठेवावा. क्षणभरात त्याच्या कडा वर उचलल्या जातात, कारण तळहाताच्या घामाने त्याची खालची बाजू फुगलेली असते.

ही तफावत निर्माण होण्यास अनेक गोष्टी पुरेशा असतात. पत्त्याच्या एका बाजूला चित्र आणि शाई अधिक, तर दुसऱ्या बाजूला कमी असते. दोन्हीकडचे रोगण सारख्या जाडीचे असतेच असे नाही. गठ्ठ्यातील सर्वांत वरच्या पानाची एकच बाजू हवेला उघडी असते. गार, दमट फरशीवर पत्ते मांडले, की खालची बाजू ओलावा घेते. शिवाय पत्त्याच्या पृष्ठभागावर रोगण असले, तरी कापलेल्या कडा उघड्याच असतात. पाणी तेथून आत शिरते आणि कडा मधल्या भागाआधी फुगून लहरी होतात.

टॅरोचे पत्तेच अधिक का वाकतात, याचे उत्तर भूमितीत आहे. नेहमीच्या खेळाचा पत्ता सुमारे ८८ ते ८९ मिलिमीटर लांब असतो. टॅरोचा प्रचलित पत्ता १२० मिलिमीटर लांब आणि ७० मिलिमीटर रुंद असतो. बाक तेवढाच असला, तरी कडेची उचल लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. छोट्या पत्त्याची कड २ मिलिमीटर उचलली जात असेल, तर तितक्याच बाकाने लांब पत्त्याची कड साडेतीन मिलिमीटरांहून अधिक उचलली जाते. दोष तोच असतो, पण तो डोळ्यांत भरतो.

खेळापासून भविष्यापर्यंत

टॅरोचा जन्म भविष्य सांगण्यासाठी झालेला नाही. पंधराव्या शतकातील इटलीत सरदार घराण्यांच्या करमणुकीचा तो एक खेळ होता. मिलानच्या राजघराण्यांसाठी हाताने रंगवलेले त्या काळचे पत्ते आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. भविष्यकथनाशी त्याची सांगड अठराव्या शतकात फ्रान्समध्ये घातली गेली. आज सर्वत्र दिसणारी चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढलेली असून तो संच १९०९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात ७८ पाने असतात : २२ मोठ्या चित्रांची आणि ५६ चार रंगांची.

हाताने रंगवलेल्या पत्त्यांची परंपरा आपल्याकडेही आहे आणि तीही भर पावसाच्या प्रदेशात. आंबोलीचा घाट उतरला, की सावंतवाडी लागते. तेथील गंजिफा प्रसिद्ध आहेत. या पत्त्यांचा आकार गोल असतो. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने असतात. मोगल गंजिफेत आठ रंगांची ९६ पाने असतात. ही कला लोप पावण्याच्या बेतात असताना शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजवाड्यात तिला पुन्हा उभे केले.

कोकणातल्या पावसात कागदाचे पत्ते टिकवायचे, तर काहीतरी उपाय करणे भाग होते. चिंचोक्याच्या खळीचा लेप, घोटून केलेला गुळगुळीत पृष्ठभाग आणि त्यावर लाखेचे रोगण ही पारंपरिक रीत पाहिली, की त्यामागचे व्यवहारज्ञान जाणवते. रोगण ओलाव्याला अडवते. गोल आकाराला कोपरे नसतात. आणि कोपराच सर्वांत आधी उचलला जातो, दुमडतो, फाटतो. छापखान्यातील पत्त्यांना आज दिला जाणारा लेप हा त्याच विचाराचा आधुनिक अवतार म्हणता येईल. कोणताही लेप ओलावा पूर्णपणे थोपवत नाही, त्याची चाल मंद करतो, एवढेच.

डबीतले गणित

पत्ते घट्ट डबीत ठेवले, की काम झाले, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. थोडे गणित करून पाहू.

टॅरोच्या ७८ जाड पत्त्यांचे वजन साधारण २०० ते २३० ग्रॅम भरते. सुक्या हवेतून कळंब्याच्या जुलैतील हवेत आल्यावर या कागदातील पाण्याचे प्रमाण चार-पाच टक्क्यांनी वाढले, असे धरू. म्हणजे सुमारे १० ग्रॅम पाणी. चहाचे दोन चमचे पाणी पत्त्यांनी गुपचूप पिऊन टाकलेले असते! याउलट एक लिटरच्या डबीत मावणारी हवा २५ अंश सेल्सियस तापमानाला बाष्पाने पूर्ण भरली, तरी त्यात जेमतेम ०.०२ ग्रॅम पाणी असते.

याचा अर्थ असा, की बंद डबीतील हवा पत्त्यांना ओले किंवा कोरडे करीत नाही. पत्तेच डबीतील हवा ठरवतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी डबी बंद केली, तर त्या कोरडेपणाची शिदोरी पत्ते पावसाळ्यात बऱ्याच दिवसांपर्यंत पुरवतात. तीच डबी जुलैत बंद केली, तर आपण ओलावाच कुलूपबंद करतो. बाहेर ऊन पडले, तरी आतले पत्ते दमटच राहतात आणि पुढे त्यांना बुरशी धरते. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली, की कागदावर बुरशीची वाढ संभवते. पावसाळ्यात आपल्याकडे ती अनेक दिवस ८० टक्क्यांच्याही पुढे असते.

ओलावा शोषण्यासाठी सिलिका जेल वापरावे, असे सर्वजण सांगतात. किती वापरावे, हे मात्र कोणी सांगत नाही. सिलिका जेल मध्यम आर्द्रतेत स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव भाग पाणी धरते. तेव्हा १० ग्रॅम पाणी काढण्यासाठी ४० ते ५० ग्रॅम जेल लागेल. नव्या बुटांच्या खोक्यात सापडणारी एक-दोन ग्रॅमची पुडी टाकून आपण केवळ मनाचे समाधान करून घेतो. रंग बदलणारे जेल घेतल्यास ते केव्हा भिजले हे कळते. निळ्याचे गुलाबी होणाऱ्या जेलमधील कोबाल्टचा क्षार आरोग्यास घातक असतो. म्हणून मुले असलेल्या घरात केशरीचे हिरवे होणारे जेल घेणे शहाणपणाचे. भिजलेले जेल तापवून सुकवले, की पुन्हा वापरता येते.

कच्च्या तांदळाची पुरचुंडी ठेवण्याचा सल्ला नेहमी दिला जातो. साठवणीच्या तांदळात मुळातच बारा-तेरा टक्के पाणी असते, त्यामुळे तो आणखी फारसे शोषत नाही. उलट त्याच्या पिठावर किडे येतात. डांबरगोळ्या कीटकांना दूर ठेवतात, ओलाव्याशी त्यांचा संबंध नाही.

वाकलेला पत्ता सरळ करताना

प्रथम निदान करावे. पत्ते काचेवर किंवा सपाट टेबलावर एकेक मांडावेत. सगळे पत्ते कमी-अधिक प्रमाणात पन्हाळीसारखे वाकले असतील, तर तो ओलाव्याचा दोष आहे आणि तो बहुधा दूर होतो. पत्त्यावर घडी पडली असेल, तर तंतूच मोडलेले असतात. दाबून ती फिकी होईल, पण पुसली जाणार नाही. थर सुटू लागले असतील किंवा काळे-हिरवे ठिपके दिसत असतील, तर दाबण्याची घाई करू नये. बुरशी आलेले पत्ते इतरांपासून वेगळे करावेत, सुकू द्यावेत आणि मग नाकातोंडाला रुमाल बांधून, घराबाहेर, मऊ ब्रशने झटकावेत.

बाक हलका असेल, तर संपूर्ण गठ्ठा दोन्ही हातांत धरून वाकलेल्या दिशेच्या उलट हळुवार बाक द्यावा. छापील, लवचीक पत्त्यांना एवढा उपचार पुष्कळदा पुरतो. एकेक पान घेऊन जोराने उलटे वाकवू नये. त्याने घडी पडते आणि ते पान कायमचे ओळखू येऊ लागते.

बाक मोठा असेल, तर दोन टप्पे करावेत. पहिला टप्पा ओलावा काढण्याचा. झाकणाच्या मोठ्या डब्यात पत्ते सैल, उभे ठेवावेत, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी हवा लागेल. कापडी पिशवीत ५० ग्रॅम सिलिका जेल घालून ती पत्त्यांना न टेकेल अशी ठेवावी आणि डबा दोन दिवस बंद ठेवावा. पापड उलटण्यामागचे तत्त्व तेच येथेही आहे : सुकणे हवे, पण दोन्ही बाजूंनी सारखे हवे.

दुसरा टप्पा दाबण्याचा. पत्त्यांचे आठ-दहांचे गट करून प्रत्येक दोन गटांमध्ये कोरा, पांढरा, पाणी शोषणारा कागद घालावा. वर्तमानपत्राचा कागद टाळावा, कारण त्याची शाई पत्त्यांवर उतरते. खाली-वर सपाट फळी ठेवून त्यावर दोन-तीन किलो वजन ठेवावे. शहाबादी फरशीचा गुळगुळीत तुकडा या कामाला उत्तम. कागद दर दोन दिवसांनी बदलावेत आणि पत्ते आठवडाभर तसेच राहू द्यावेत. कागदाला जुन्या आकाराची एक प्रकारची सवय लागलेली असते, ती एका रात्रीत मोडत नाही. 

उन्हाळ्यात किंवा वातानुकूलित खोलीत उलटा प्रकार होतो. पत्ते अति कोरडे होऊन कडक बनतात आणि वळतात. अशा वेळी बंद डब्यात एका वाटीत ओले फडके ठेवावे, पत्ते त्याला न टेकतील असे तीन-चार तास राहू द्यावेत आणि मग वरीलप्रमाणे दाबावेत. कोरड्या पत्त्याला आधी थोडा मऊपणा आल्यावाचून तो वळणे सोडत नाही.

हे मात्र करू नये

इस्त्री, केस वाळवायचे यंत्र, मायक्रोवेव्ह, शेगडीची ऊब आणि थेट ऊन हे पाचही उपाय टाळावेत. उष्णता एका बाजूने लागते, त्यामुळे ज्या तफावतीने पत्ता वाकला ती आणखी वाढते. रोगण वितळते, थर सुटतात, रंग उडतो. एकाच बाजूला प्लॅस्टिकचे आवरण चिकटवणे हा तर वाकण्याला आमंत्रण देण्याचा हमखास मार्ग आहे. आवरण घातलेली बाजू स्थिर राहते आणि उघडी बाजू दर पावसाळ्यात फुगते. रबर बँडने गठ्ठा बांधल्यास कडांना खाचा पडतात. त्याऐवजी अंगासरशी बसणारी डबी वापरावी. पत्त्यांना पावडर लावल्याने ते सुटे होतात, सरळ होत नाहीत.

गंजिफेच्या किंवा अन्य हाताने रंगवलेल्या पत्त्यांना यातील कोणताही घरगुती उपचार करू नये. लाख उष्णतेने मऊ होते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. हातांना नुकतेच सॅनिटायझर लावून असा पत्ता उचलला, तरी त्यावर डाग पडू शकतो. पाण्याचा थेंब रंगाला घातक ठरतो. असे पत्ते स्वच्छ, कोरड्या हातांनी कडेला धरून हाताळावेत, त्यांवर वजन ठेवू नये आणि बिघाड झाल्यास कागदाच्या जतनातील जाणकाराला दाखवावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे स्वतंत्र केंद्र आहे.

पुराच्या पाण्यात भिजलेल्या कागदाची गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कोल्हापुरातील अनेकांनी वह्या, पोथ्या, छायाचित्रे गमावली. पूर्ण भिजलेला पत्त्यांचा गठ्ठा वाळला, की त्याची वीट होते. म्हणून तो ओला असतानाच, स्वच्छ पाण्यातून काढून, पाने अलगद सुटी करून कोऱ्या कागदांमध्ये ठेवावीत. रंगवलेल्या पत्त्यांना मात्र पाण्यातून काढू नये.

साधी शिस्त

दुरुस्तीपेक्षा काळजी सोपी असते. पावसाळ्यापूर्वी, मेमधील एखाद्या कोरड्या दुपारी पत्ते दोन-तीन तास सावलीत मोकळे ठेवावेत आणि मग घट्ट झाकणाच्या डबीत बंद करावेत. डबी बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात किंवा तळाच्या खणात ठेवू नये. तेथे गारवा आणि ओल अधिक असते. काही शे रुपयांत मिळणारा छोटा आर्द्रतामापक डबीत टाकून ठेवावा. त्याचा आकडा ४५ ते ६० च्या दरम्यान असेल, तर निश्चिंत राहावे. पत्ते मांडताना फरशीऐवजी टेबलावर जाड कापड अंथरावे. पत्ते पसरून ठेवून उठू नये. आणि अधूनमधून सगळे पत्ते एका रांगेत मांडून कोणते पान वेगळे वागते आहे, हे पाहावे.

आमच्या शेजारणीच्या भावाची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली आणि तो खणखणीत बरा झाला. त्याचे श्रेय अर्थातच डॉक्टरांना. मनोऱ्याचे पान आठवडाभर फरशीच्या तुकड्याखाली दबून सरळ झाले. ती अजूनही हौसेने पत्ते मांडते. फक्त पावसाळ्यात पत्ते कापण्यापूर्वी ती गठ्ठा डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरते आणि कोठे फट दिसते का, ते पाहून घेते.